४,२९,४९,६७,२९७ : एकाच संख्येची वही

४ मार्च

आजपासून ही वही फक्त एका संख्येसाठी. ४,२९,४९,६७,२९७. वाचायची तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. २ चा ३२ वा घात काढायचा, त्यात १ मिळवायचा, झाली. (इथून पुढे २^३२ लिहिलं की २ चा ३२ वा घात असं समजायचं, सारखं सारखं लिहीत बसणार नाही.) फर्मा या जुन्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांच्या रांगेत ही सहावी, पण तिथे मोजणी शून्यापासून करतात म्हणून हिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग एकदम ही.

सुरुवात कशी झाली ते लिहून ठेवतो, नंतर विसरायला होतं. काल रात्री सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटासा प्रोग्राम लिहीत होतो, फर्मा संख्या ओळीने छापायच्या एवढंच काम. मागच्या संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, परत १ मिळवा, की पुढची मिळते. पहिल्या पाच बरोबर आल्या आणि सहाव्या जागी छापून आला १. नुसता १. लूप चुकला असेल म्हणून दोनदा तपासलं, लूप बरोबर होता, मग लक्षात आलं की व्हेरिएबल, म्हणजे संख्या ठेवायचा डबा, ३२ बिटचं घेतलंय. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आणि आपली संख्या तिच्यापेक्षा बरोब्बर २ ने मोठी. बायनरीत लिहिली तर आधी १, मग ३१ शून्यं, मग शेवटी परत १. एकूण ३३ बिट. डावीकडचा १ डब्याबाहेर सांडला आणि उजवीकडचा तेवढा उरला.

प्रोग्राम ६४ बिटचा करून दोन मिनिटांत दुरुस्त झाला. पण तो १ डोक्यातून गेला नाही.

ही संख्या मूळ नाही, ६४१ ने भाग जातो, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. मला त्यापुढचं हवंय. ६४१ च का? ४२९ कोटींच्या संख्येला भागणारा एवढा छोटा आकडा आला कुठून, आणि तो आधी ओळखता आला असता का? याचं मनाला पटेल असं उत्तर मिळेपर्यंत वही चालू.

५ मार्च

आज सोप्या गोष्टी उरकल्या. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने भाग जात नाही आणि ९ ने भागलं तर बाकी ५. शेवटचा अंक ७. हा ७ योगायोगाने आलेला नाही, १७ पासून पुढच्या सगळ्या फर्मा संख्या ७ नेच संपतात. कारण १ वजा केला की शेवटी ६ उरतो, ६ वर संपणाऱ्या संख्येचा वर्ग परत ६ वरच संपतो, त्यात १ मिळवला की ७. हे चक्र कधी मोडतच नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे २ ने लहान असलेली शेजारीण. ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार करा, २ मिळवा, की आपली संख्या आली. आता समजा १७ ने आपल्या संख्येला भाग गेला असता, तर १७ ने शेजारणीलाही जातो, म्हणजे फरकालाही जायला हवा, आणि फरक तर २ आहे. जमणारच नाही. त्यामुळे आधीच्या पाचांपैकी एकीनेही हिला भाग जात नाही, आणि हाच विचार पुढे नेला तर कुठल्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक अवयव नसतो. गोल्डबाख या गणितज्ञाने हे ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलं होतं. मूळ संख्या अनंत आहेत याचा हा एक आयता पुरावाच झाला, कारण प्रत्येक फर्मा संख्या आपला स्वतःचा नवा मूळ अवयव घेऊन येते.

७ मार्च

आज खरं काम झालं. पाच पानं भरली.

फर्माने १६४० च्या आसपास पत्रांमधून लिहिलं होतं की अशा सगळ्या संख्या मूळ असाव्यात. पहिल्या पाच आहेतच. आपल्याकडे सिद्धता नाही हेही त्याने सांगितलं होतं, तरी विश्वास मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला विचारलं की फर्माचं हे म्हणणं ठाऊक आहे का, आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की पाचव्या संख्येला ६४१ ने भाग जातो. कसं शोधलं ते त्याने तेव्हा लिहिलं नाही, नंतरच्या लेखात उलगडलं.

मला ते उलगडलेलं न बघता आपलं आपण करायचं होतं. तर असा विचार केला. समजा प ही कुठलीतरी मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग प ने भागताना २^३२ ची बाकी −१ धरता येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात करत गेलो की ६४ व्या पायरीला १ येतो, आणि त्याआधी कुठेच येत नाही, कारण आधी आला असता तर ३२ व्या पायरीलाही १ च आला असता, पण तिथे तर −१ आहे. आता फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की प−१ व्या पायरीला १ आलाच पाहिजे. म्हणजे प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजेच प ही ६४ च्या पाढ्यात १ मिळवून आलेली संख्या असणार, दुसरी कुठलीही नाही.

आणि इथे सगळं हातात येतं! ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच तपासण्या, बास.

मोठा भागाकार करायचीही गरज नाही. २^८ म्हणजे २५६, त्याची बाकी काढा, बाकीचा वर्ग करा, परत बाकी काढा, परत वर्ग. तीन बाक्या झाल्या की ३२ व्या घाताला पोचतो. मी कागदावर केलं ते जसंच्या तसं:

१९३ : २५६ ची बाकी ६३, ६३ चा वर्ग ३९६९, बाकी १०९, १०९ चा वर्ग ११८८१, बाकी १०८. त्यात १ मिळवून १०९. नाही.

२५७ : २५६ म्हणजे −१, वर्ग १, परत वर्ग १. मिळवून २. नाही. (हे परवाच माहीत झालं होतं, बाकी २ च येणार.)

४४९ : २५६ चा वर्ग ६५५३६, बाकी ४३१, म्हणजे −१८ धरलं तर सोपं, वर्ग ३२४. मिळवून ३२५. नाही.

५७७ : ६५५३६ ची बाकी ३३५, वर्ग १,१२,२२५, बाकी २८७. मिळवून २८८. नाही.

६४१ : ६५५३६ ची बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६. आणि ६४१ × ३७ = २३७१७. एकाने कमी!! म्हणजे बाकी −१. १ मिळवला की शून्य.

२३७१६ आणि २३७१७ एकाखाली एक लिहिले तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बघत बसलो. उत्तर आधीपासून माहीत होतं, तरी स्वतःच्या हाताने ते शून्य येताना बघणं वेगळंच असतं.

मनाला लागतंय ते हे की यातलं प्रत्येक हत्यार फर्माकडे होतं. छोटा सिद्धांत तर त्याचाच, १६४० चाच. पाच तपासण्या. मला वाटतं त्याने सुरुवात केली असावी आणि मध्येच कुठेतरी वजाबाकी चुकली असावी, पण हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.

८ मार्च

गुणाकार करून खात्री केली. ६७,००,४१७ × ६४१. सहाशेपट ४,०२,०२,५०,२००, चाळीसपट २६,८०,१६,६८०, एकपट ६७,००,४१७. बेरीज ४,२९,४९,६७,२९७. जुळलं.

आता दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का? हा प्रश्न मी इतके दिवस गृहीत धरून पुढे गेलो होतो. वर्गमूळ २५८८ च्या थोडंसं पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. साध्या पद्धतीने गेलं तर साडेतीनशेपेक्षा जास्त मूळ संख्या आहेत. पण ६७,००,४१७ चा अवयव हा आपल्या संख्येचाही अवयव, त्याला कालचा ६४ चा नियम लागू. त्याहून भारी म्हणजे ल्युकाने १८७८ मध्ये हा नियम आणखी घट्ट केला, ६४ च्या जागी १२८. कारण असं की प ही ८ च्या पाढ्यात १ मिळवून येणारी असली की त्या बाक्यांच्या दुनियेत २ ला वर्गमूळ असतं, आणि त्या वर्गमूळाला १ वर यायला दुप्पट पायऱ्या लागतात.

आपल्या संख्येसाठी हे वर्गमूळ चक्क लिहून दाखवता येतं: १,६७,७६,९६०. म्हणजे २५६ × ६५५३५. याचा वर्ग केला आणि आपल्या संख्येने भागला तर बाकी २ उरते. करून बघा, वर्गात २^१६ × (२^३२ − २^१७ + १) येतं, कंसातले २^३२ आणि १ मिळून आपलीच संख्या, ती गेली, उरलं −२^३३, आणि २^३२ म्हणजे −१, तर झाले २. पायथनमध्येही टाकून बघितलं, २ च.

मग १२८ चा नियम धरून २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या किती? २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पाचच. २५७ बाद आहेच. राहिले चार भागाकार:

६४१ ने बाकी ४४. ७६९ ने १२०. ११५३ ने ३३४. १४०९ ने ६२२.

एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. सत्तर लाखांच्या जवळची संख्या मूळ आहे हे चार भागाकारांत सिद्ध झालं, कॅल्क्युलेटर न घेता. (७६९ च्या भागाकारात हातचा विसरलो होतो, बाकी ७६९ पेक्षा मोठी आली तेव्हा कळलं, परत केला.)

आणि १२८ च्या नियमाने ६४१ कडे बघितलं तर १२९ मूळ नाही, २५७ बाद, ३८५ नाही, ५१३ नाही, आणि मग ६४१. म्हणजे खरा उमेदवार म्हणून ६४१ हा पहिलाच!

१० मार्च

अजून समाधान झालेलं नाही. ६४१ हा पहिला उमेदवार आहे हे कळलं, पण पहिल्याच उमेदवाराने भाग का जावा? उमेदवार असणं वेगळं आणि निवडून येणं वेगळं.

एक जुनी छोटी सिद्धता आहे, दोन ओळींची. ती आज नीट समजून घेतली. ६४१ दोन तऱ्हेने लिहिता येते:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात आणि २ चा चौथा घात.

पहिली ओळ म्हणते की ६४१ च्या दुनियेत ५ × २^७ म्हणजे −१. त्याचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसरी ओळ म्हणते की ५^४ म्हणजे −२^४. ते पहिल्यात टाकलं की −२^३२ म्हणजे १. झालं. २^३२ + १ ला ६४१ ने भाग गेला. मोठी संख्या कुठे लिहावीच लागली नाही.

आधी हे वाचलं होतं तेव्हा जादूगाराच्या पोतडीतून काढल्यासारखं वाटलं होतं. आज तसं वाटलं नाही, कारण पहिली ओळ आता ओळखीची आहे, १२८ च्या पाढ्यात १ मिळवायचा हा तर आपलाच नियम. नशीब म्हणायचं तर ते फक्त दुसऱ्या ओळीत आहे, की तीच संख्या ५ आणि २ च्या चौथ्या घातांची बेरीजही निघावी. ६२५ आणि १६. दोन अटी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. ही दुसरी अट कुठून आली ते बघायचंय.

११ मार्च

छोटी नोंद. ५ आणि २ चे चौथे घात एकमेकांना काटतात म्हटल्यावर १० आठवला. ६४१ ने भागताना १०^८ ची बाकी काय? १०० चा वर्ग १०,०००, बाकी ३८५, त्याचा वर्ग १,४८,२२५, बाकी १५४. परत १५४! २^१६ ची बाकी जी होती तीच. म्हणजे १०^१६ ची बाकीही −१, म्हणजे १ नंतर १५ शून्यं आणि शेवटी १ ही संख्यासुद्धा ६४१ ने भागली जाते. भागाकार १५६०,०६२४,०२४९,६१ असा काहीतरी आला, चार चार अंक तोडून लिहिला होता, सरळ लिहितो: १५६००६२४०२४९६१.

म्हणून १ भागिले ६४१ केलं की दशांशात ३२ अंक फिरत राहतात, ००१५६००६२४०२४९६० आणि मग ९९८४३९९३७५९७५०३९. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा अंकाला अंक मिळवून बघा, सगळीकडे ९.

बायनरीत १, मध्ये शून्यं, १. दशमानातही १, मध्ये शून्यं, १. दोन्हीकडे तोच ६४१ बसलाय.

१४ मार्च

तीन दिवस दोन वर्गांच्या बेरजेवर घालवले आणि आज जे हाती लागलं त्यासाठी महिना गेला असता तरी चाललं असतं.

आपली संख्या ही ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे दिसतंच आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच तऱ्हेने असते. दुसरी तऱ्हा सापडली की समजायचं संख्या मूळ नाही. म्हणून प्रोग्रामने शोध घेतला, लहान वर्ग निम्म्यापेक्षा मोठा असू शकत नाही म्हणून ४६,३४० पर्यंतच जायचं. दोनच जोड्या निघाल्या:

६५५३६ आणि १
६२२६४ आणि २०४४९

तपासलं. ६२२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६. २०४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज बरोबर. (२०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे सहज दिसलं म्हणून लिहिलं.)

आता ऑयलरची युक्ती. दोन जोड्या मिळाल्या की त्यातून अवयव काढता येतात. मोठ्यांमधला फरक ६५५३६ − ६२२६४ = ३२७२. लहानांची बेरीज २०४४९ + १ = २०४५०. या दोघांचा मसावि ८१८. भागून टाकलं तर ३२७२ चे झाले ४ आणि २०४५० चे झाले २५.

४ चा वर्ग १६, २५ चा वर्ग ६२५. बेरीज ६४१.

हेच १६ आणि ६२५! परवाच्या सिद्धतेतली दुसरी ओळ! तिथे ते ५ चा चौथा घात आणि २ चा चौथा घात म्हणून भेटले होते, इथे २५ चा आणि ४ चा वर्ग म्हणून. रात्री बाराला हे कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितोय.

मग उलट बाजूने गेलो. दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही दोन वर्गांची बेरीज असणार. निघाला २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग, ६५,३३,१३६ + १,६७,२८१. दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार परत दोन वर्गांची बेरीज असतो, ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं ते समीकरण. (२५, ४) आणि (२५५६, ४०९) घेतले:

२५ × २५५६ = ६३९००
४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५
४ × २५५६ = १०२२४

पहिल्या दोघांची बेरीज ६५५३६. खालच्या दोघांची वजाबाकी १. ही आपली मूळची जोडी. उलट चिन्हं घेतली तर ६३९०० − १६३६ = ६२२६४ आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९. ही दुसरी जोडी. चार गुणाकारांत अख्खी संख्या उभी राहते. १०२२५ आणि १०२२४ मध्ये फक्त एकाचा फरक आहे, आणि त्या एकावर २ चा मोठा घात अधिक १ हे सगळं रूप टिकून आहे.

माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ मी आज पोचलो. ६४१ ही बाहेरून येऊन भागत नाही, ती संख्येच्या आतल्या विणीत आहे.

१६ मार्च

मूळ आहे का हे तपासायची झटपट चाचणी: कुठलातरी पाया घ्या, त्याचा (संख्या − १) इतका घात करा, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की मूळ नाही.

पाया २ घेतला तर आपली संख्या चाचणी पास होते. कारण उघड आहे, ६४ व्या पायरीला १ येतो आणि ६४ ने २^३२ ला भाग जातो. सगळ्याच फर्मा संख्या पाया २ ला अशा फसवतात, मूळ असोत नसोत. २ पासून बनलेल्या संख्येची साक्ष २ कडेच मागायची नाही हे इथे शिकलो.

पाया ३ घेतला. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं करत प्रत्येक वेळी बाकी ठेवायची. ३१ वर्ग झाल्यावर आलं १,०३,२४,३०३. पेपँच्या १८७७ च्या चाचणीप्रमाणे मूळ असती तर इथे −१ यायला हवा होता. आणखी एक वर्ग केला, ३,०२,९०,२६,१६०. १ नाही. म्हणजे मूळ नाही, आणि हे एकही अवयव माहीत नसताना कळलं. शेवटचा वर्ग मी हाताने केला, १५ आकडी संख्या आली, आपली संख्या तिच्यात २४,८१७ वेळा बसली, बाकी जुळली.

१९ मार्च

आज परत पहिल्या दिवशीच्या १ कडे आलो.

३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये आपली संख्या १ होते. आपली संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७. मग ३२ बिटमध्ये ६४१ × ६७,००,४१७ = १. म्हणजे मशीनच्या दृष्टीने हे दोघं एकमेकांचे व्यस्त झाले, २ आणि अर्धा असतात तसे! ६४१ ने भागायचं असेल तर ६७,००,४१७ ने गुणायचं. ६,४१,००० घेतले, गुणले, वरचे बिट सांडू दिले, उरले १०००. पूर्ण भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येला हे चालतं.

आणि पूर्ण भाग जात नसेल तर? तेव्हा ६४ बिटमध्ये गुणायचं आणि खालचे ३२ बिट टाकून द्यायचे, वर जे राहतं तो भागाकार. २००० घेतले तर गुणाकार १३,४०,०८,३४,०००, त्यात २^३२ तीन वेळा बसतो, आणि २००० मध्ये ६४१ सुद्धा तीनच वेळा. चूक किती होते ते मांडून बघितलं, भागायच्या संख्येला न म्हटलं तर प्रत्येक वेळी उत्तर न च्या प्रमाणात जरासं जास्त येतं, पण न हा २^३२ च्या आत असेपर्यंत ते जास्तीचं एक भागिले ६४१ पेक्षा लहान राहतं, म्हणून पुढच्या पूर्णांकात कधीच जात नाही. कागदावर पटलं तरी लूप लावला, ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत सगळे न. एकही चूक नाही.

मग पुढचा एकच आकडा घेतला, २^३२ स्वतः. खरा भागाकार ६७,००,४१६, कारण ६४१ च्या पाढ्यात तो एकाने कमी पडतो. युक्तीचं उत्तर ६७,००,४१७. चुकली! ३२ बिटमध्ये मावणाऱ्या प्रत्येक संख्येला बरोबर आणि न मावणाऱ्या पहिल्याच संख्येला चूक. एवढी काटेकोर सीमा मी कुठल्या प्रोग्राममध्ये ठरवून आखली असती तरी अभिमान वाटला असता, इथे ती ठरवलेली नाही, आपोआप आहे.

२२ मार्च

भूमितीचं राहिलं होतं. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या कंपास आणि पट्टीने काढता येतो, आणि पुढे वांझेलने १८३७ मध्ये दुसरी बाजू पक्की केली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकारच असायला हवी. अशा पाच माहीत आहेत, त्यांचे ३१ गुणाकार होतात, सगळ्यात मोठा ४,२९,४९,६७,२९५. आपली शेजारीण! तिच्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आपल्या संख्येच्या बाजूंचा येत नाही.

हे सगळं पास्कलच्या त्रिकोणात दिसतं (कडेला १ आणि आत वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज लिहीत जायचं, तो त्रिकोण). त्रिकोणातल्या सम संख्यांच्या जागी ० आणि विषम संख्यांच्या जागी १ लिहा, आणि प्रत्येक ओळ बायनरी म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७… वरचा १ सोडला तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे तेच ३१ बहुभुज, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही इकडेतिकडे नाही. मी मोठ्या कागदावर चौकटी आखून ३३ ओळी रंगवल्या, दोन तास गेले. बत्तिसावी ओळ पूर्ण काळी, ३२ एक. आणि तेहतिसावी ओळ, दोन टोकांना दोन काळ्या चौकटी, मध्ये ३१ रिकाम्या. हीच आपली संख्या. आणि नेमकी इथेच बहुभुजांची रांग तुटते.

२३ मार्च

वहीत दोन पानं शिल्लक आहेत. पाचव्या ते बत्तिसाव्या फर्मा संख्येपर्यंत सगळ्या मूळ नाहीत हे सिद्ध झालंय, तेहतिसावीचं अजून कुणाला माहीत नाही, तिला अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. ती माझ्या आवाक्यातली नाही. पण सहावी, २^६४ + १, हिचे अवयव लँड्रीने १८८० मध्ये पाडले, हाताने, आणि लहान अवयव २,७४,१७७ निघाला. तिच्यासाठी नियम २५६ चा. २,७४,१७६ भागिले २५६, बरोब्बर १०७१. म्हणजे पाचव्या संख्येसाठी १२८ च्या पाढ्यात पाचव्या पायरीवर थांबायचं होतं आणि इथे १०७१ व्या.

पुढचं पान उघडलंय, वर लिहिलंय २५७, ५१३, ७६९, १०२५, १२८१.